बर्गेन नगरींतील एक पावसाळी दिवस

नॉर्वे देशाचें नांव काढलें कीं, आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें मध्यरात्रीचा सूर्य, हिमाच्छादित शिखरें आणि डोंगरांच्या कुशींत दूरवर शिरलेल्या निळ्या खाड्या उभ्या राहतात. प्रवासी कंपन्यांच्या रंगीत पत्रकांतहि हींच चित्रें असतात. पाऊस मात्र त्या पत्रकांत कोठेंच नसतो. आणि तरी ह्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गेन हें दुसऱ्या क्रमांकाचें शहर सबंध युरोपांत प्रसिद्ध आहे तें आधीं पावसासाठीं. तेथें वर्षाकाठीं सुमारें अडीच हजार मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ शंभर इंच पाऊस पडतो. आपल्या रत्नागिरीस ह्याहूनहि अधिक पडतो हें खरें. पण रत्नागिरीचा पाऊस चार महिन्यांत आपलें काम उरकतो आणि रजा घेतो. बर्गेनचा पाऊस बाराहि महिने कामावर असतो. ता. २९ ऑक्टोबर २००६ पासून ता. २१ जानेवारी २००७ पर्यंत तेथें लागोपाठ ८५ दिवस, एकहि दिवस न चुकतां, पाऊस पडल्याची नोंद आहे.

ह्या पावसाचें कारण आपल्या घाटमाथ्याच्या कारणासारखेंच आहे. बर्गेन साठ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित् वर वसलें आहे. एवढ्या उत्तरेस समुद्र गोठावयास हवा; परंतु अटलांटिक महासागरांतील उष्ण प्रवाह थेट नॉर्वेच्या किनाऱ्यास येऊन भिडतो, त्यामुळें बर्गेनचें बंदर भर हिवाळ्यांतहि खुलें राहतें. त्या उबदार पाण्यावरून येणारे नैर्ऋत्येचे वारे बाष्पानें जड झालेले असतात. किनाऱ्यावर येतांच त्यांच्या वाटेंत डोंगर उभे राहतात. बर्गेनकर मोठ्या अभिमानानें आपल्या गांवाभोंवतीं सात डोंगर मोजतात. वाऱ्यांस वर चढावें लागतें, चढतां चढतां ते थंड होतात आणि आपलें ओझें खालीं टाकतात. सह्याद्रि कोंकणाच्या बाबतींत जें करतो तेंच हे सात डोंगर बर्गेनच्या बाबतींत करतात. म्हणूनच कीं काय, त्या परक्या नगरींत मोटारींतून उतरतांच ओलें लांकूड, शेवाळ आणि खारा वारा ह्यांचा मिळून जो वास आला, तो माझ्यासारख्या चिपळुणाकडील माणसास मुळींच परका वाटला नाहीं.

आमच्या बत्तीस जणांच्या मंडळीस ह्या नगरीसाठीं जुलै महिन्यांतील एकच दिवस नेमून दिलेला होता. हल्लींच्या सामुदायिक प्रवासाची पद्धति वाचकांस ठाऊकच आहे. साडेसातला न्याहारी, साडेआठला मोटार, नऊ ते साडेदहा अमुक, साडेदहा ते अकरा तमुक. आणि पथप्रमुखाच्या हातांतील झेंडी क्षणभर दिसेनाशी झाली कीं प्रत्येकाच्या छातींत धस्स होतें. ह्या पद्धतीस नांवें ठेवण्याची चाल आहे. परंतु ज्यांना परभाषा बेताची येते, ज्यांचे गुडघे कुरकुरतात आणि ज्यांना पोळी-भाजीखेरीज चैन पडत नाहीं, अशा साठी उलटलेल्या माणसांस सुखरूप नेऊन सुखरूप परत आणणारी दुसरी पद्धति अद्याप निघालेली नाहीं. तिचा खरा दोष एवढाच कीं, काय पाहावयाचें हें कोणीतरी आधींच ठरवून टाकलेलें असतें.

त्या दिवशीं पहांटेपासून पाऊस लागलेला होता. मुसळधार नव्हे, बारीक, तिरपा आणि न कंटाळणारा. आमच्या मंडळीनें देशाहून नेलेल्या छत्र्या उघडल्या आणि बंदरावरील वाऱ्यानें पहिल्या पांच मिनिटांतच त्यांतील तीन उलट्या करून दाखविल्या. शहर दाखवावयास आलेल्या स्थानिक बाईंजवळ छत्री नव्हतीच. त्यांच्या अंगावर डोकें झांकणारा, गुडघ्यांपर्यंत पोंचणारा एक रबरी डगला होता. पावसांत हात मोकळे असावेत हें आपल्या कोंकणांतील इरल्याचें तत्त्व तेथेंहि मान्य आहे असें दिसलें. बाई पन्नाशीच्या, बोलण्यांत सावकाश आणि थट्टेखोर. आमचे ओशाळलेले चेहरे पाहून त्यांनीं आरंभींच त्या गांवची एक जुनी गोष्ट सांगितली. एका प्रवाशानें म्हणे रस्त्यांतल्या एका मुलास विचारलें, “काय रे, तुमच्या गांवांत पाऊस कधीं थांबतो तरी कां?” मुलगा म्हणाला, “मला ठाऊक नाहीं. मी अजून बारा वर्षांचाच आहें.”

प्रथम आम्हांस ब्रिगेन ह्या भागांत नेण्यांत आलें. ब्रिगेन म्हणजे धक्का. बंदराच्या कांठीं निमुळत्या शेंड्यांचीं तांबडीं, पिवळीं, पांढरीं लांकडी घरें खांद्यास खांदा लावून उभीं आहेत. चित्रांतून सर्वत्र दिसतात तीं हींच. परंतु खरी मौज त्यांच्या मागें आहे. दोन घरांच्या मधून दोन माणसें जेमतेम शेजारीं चालतील एवढी गल्ली आंत जाते. पायाखालीं फळ्या, डोक्यावर दोन्ही बाजूंनीं पुढें आलेले सज्जे, आणि त्यांच्या कडांवरून ठिबकणारें पाणी. चौदाव्या शतकांत, सुमारें १३६० सालीं, ल्यूबेक आदि जर्मन नगरांच्या हान्झा नांवाच्या व्यापारी संघानें येथें आपली पेढी घातली. उत्तरेकडील लोफोटेन बेटांवर लांकडी मांडवांवर मीठ न लावतां नुसत्या वाऱ्यावर वाळविलेला मासा येथें यावयाचा, आणि त्याच्या मोबदल्यांत बाल्टिक समुद्राकडील धान्य उत्तरेस जावयाचें. आपल्या वसईच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेले ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ह्या व्यवहाराची कल्पना येईल. आमच्यासारख्या शाकाहारी नाकास त्या व्यापाराचा वास आतां येत नाहीं, हें आमचें भाग्य.

ह्या पेढीवरील जर्मन व्यापारी व त्यांचे उमेदवार ह्यांनीं तेथें असेतोंपर्यंत लग्न करावयाचें नाहीं असा दंडक होता. लांकडी घरांत विस्तवासहि बंदी. कडाक्याच्या हिवाळ्यांत ऊब आणि शिजलेलें अन्न मिळावयाचें तें मागील बाजूस स्वतंत्र बांधलेल्या सामायिक दालनांतच. एवढी खबरदारी घेऊनहि आग चुकली नाहीं. १७०२ सालच्या अग्निप्रलयांत शहराचा फार मोठा भाग जळाला आणि त्याबरोबर हा धक्काहि गेला. पण लोकांनीं तो पुन्हां जुन्याच आंखणीवर, जुन्याच हद्दींवर उभारला. ती जर्मन पेढी १७५४ सालीं मिटली, घरें राहिलीं. १९७९ सालीं ह्या वस्तीचा जागतिक वारशाच्या यादींत समावेश झाला.

सर्वांत नवलाची हकीकत मात्र अलीकडील आगीची आहे. १९५५ च्या जुलै महिन्यांत ब्रिगेनचा बराच भाग पुन्हां जळाला. त्या राखेखालीं काय आहे हें पाहण्यासाठीं आस्ब्यॉर्न हॅर्टाइग ह्या पुराणवस्तुसंशोधकानें खणावयास सुरुवात केली आणि तें काम वर्षानुवर्षें चाललें. खालीं जुन्या धक्क्यांचे थरांवर थर निघाले आणि त्यांत रून ह्या प्राचीन लिपींत कोरलेले सुमारें ६७० लेख सांपडले. ते राजशासनांसारखे शिलालेख नव्हेत. बहुतेक लांकडाच्या साध्या चिपा आहेत. कांहींवर मालकाचें नांव कोरलेलें. ती चिप मालाच्या गठ्ठ्यास बांधावयाची, म्हणजे हा माल कोणाचा हें कळावें. कांहींवर प्रार्थना, कांहींवर हिशेब. एका चिपेवर गीदा नांवाची कोणी स्त्री कोणा पुरुषास निरोप धाडते आहे कीं, आतां घरीं चला. ही चिप उत्खननगृहाच्या शेजारच्या वस्तुसंग्रहालयांतील गोष्टी सांगतांना बाईंनीं वर्णिली तेव्हां आमच्या मंडळींतील झाडून साऱ्या स्त्रिया हंसल्या आणि पुरुष खिडकीबाहेर पाहूं लागले.

मीं बाईंना विचारलें कीं, आठशें वर्षें लांकूड कुजलें कसें नाहीं? त्यांनीं बोट वर केलें आणि छपरावर वाजणाऱ्या पावसाकडे दाखविलें. जमीन सदैव पाण्यानें भरलेली असली कीं तींत हवा शिरत नाहीं, आणि हवेवांचून कुजविणारे जीव फारसें काम करूं शकत नाहींत. उलट, आग लागलेल्या जागीं पुढें जें नवें बांधकाम झालें त्यामुळें भूगर्भांतील पाणी खालीं गेलें, तेव्हां जुन्या थरांतील लांकूड कुजूं लागलें आणि वरची घरें खचूं लागलीं. म्हणून आतां पावसाचें पाणी मुद्दाम जमिनींत मुरवून जुनी पातळी राखण्याची खटपट तेथें करण्यांत आली आहे. ज्या पावसास आम्ही सकाळपासून शिव्या देत होतों, त्यानेंच त्या क्षुद्र चिपांवरील नांवें आठ शतकें सांभाळून ठेविलीं होतीं.

तेथून जवळच राजा होकॉन ह्यानें तेराव्या शतकाच्या मध्यास बांधलेलें पाषाणी सभागृह आहे. १२६१ सालीं राजपुत्राच्या विवाहाची पंगत ह्यांत बसली. जर्मनांच्या ताब्यांत देश असतांना, ता. २० एप्रिल १९४४ रोजीं, समोरच्या बंदरांत स्फोटकांनीं भरलेलें एक जहाज फुटलें. दीडशेंहून अधिक माणसें मेलीं आणि ह्या सभागृहाच्या केवळ भिंती उरल्या. आज दिसतें तें पुन्हां उभें केलेलें आहे. मग आम्ही फ्लोयेन ह्या डोंगरावर तारेनें ओढल्या जाणाऱ्या रूळगाडींतून चढलों. १९१८ पासून ती चालूं आहे, आणि ३२० मीटर उंचीवरून सबंध नगर, बंदर व बेटें तळहातावर ठेविल्यासारखीं दिसतात असें पत्रकांत लिहिलेलें आहे. आम्हांस धुकें दिसलें. पांढऱ्या पडद्यापुढें उभें राहून मंडळीनें एकमेकांचीं छायाचित्रें घेतलीं. धुक्यांतून निघालेल्या दोन शेळ्यांनीं आमच्या दशम्यांकडे आशेनें पाहिलें, एवढाच त्या शिखरावरील वृत्तान्त.

दुपारचे दोन तास मोकळे होते. पथप्रमुखानें दोन मार्ग सुचविले. एक, गांवाबाहेर त्रोल्डहाउगेन येथें एडवर्ड ग्रीग ह्या जगद्विख्यात संगीतकाराचें घर, दुसरा, दुकानें. ग्रीग (१८४३–१९०७) हा बर्गेनचाच पुत्र. त्याच्या घराखालीं तलावाच्या कांठीं असलेली त्याची एकांताची खोपी पाहून आलेले आमचे एक अभियंते मित्र रात्रीं तिचें वर्णन करतांना थकत नव्हते. मला मात्र ह्या गांवांतील आणखी एक स्थान पाहावयाचें होतें. आरोग्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत पस्तीस वर्षें मुलांना शिकविलेलें एक नांव ह्या नगराशीं जोडलेलें होतें. मीं त्या बाईंना विचारलें, “कुष्ठरोग्यांचें जुनें इस्पितळ येथून किती लांब?” त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “चालत दहा मिनिटें. पण आजवर सामुदायिक प्रवासांतील कोणीं मला हें विचारलेलें नाहीं.”

हें ऐकून सोलापूरकडील एक वयस्क मावशी पुढें आल्या. “अहो गुरुजी, एवढे पैसे मोजून इतक्या लांब यायचें आणि महारोग्यांचें इस्पितळ बघायचें? आपल्याकडे काय कमी आहे कां त्याचें?” त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचें उत्तर मजजवळ तयार नव्हतें. तथापि पाऊस वाढला, दुकानें लांब होतीं, आणि अखेर आम्ही उभयतां, नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई, दोन महाविद्यालयीन मुलें आणि त्या मावशी असे सहाजण बाईंच्या मागोमाग निघालों.

सेंट यॉर्गन ह्याच्या नांवाचें हें इस्पितळ पंधराव्या शतकाच्या आरंभापासून ह्या जागीं आहे. आजच्या इमारती १७०२ च्या आगीनंतरच्या, लांकडी, साध्या. आंत शिरतांच एक लांब, दोन मजले उंच दालन लागतें. त्याच्या दोन्ही अंगांस आणि वर सज्ज्याच्या कडेनें लहान लहान खोल्यांचीं दारें. एखाद्या जुन्या वाड्याच्या चौकांत उभें राहिल्यासारखें वाटतें. एकेका खोलींत दोन, कधीं तीन माणसें राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथें दीडशेंहून अधिक रोगी होते. पश्चिम नॉर्वेच्या गरीब शेतकरी-कोळी वस्त्यांत हा रोग त्या काळीं फार पसरला होता. बर्गेनमध्यें अशीं तीन इस्पितळें होतीं आणि सबंध युरोपांत इतके कुष्ठरोगी दुसऱ्या कोणत्याहि शहरांत एकत्र नव्हते. येथील धर्मोपदेशक वेल्हावेन ह्यानें १८१६ सालीं ह्या रोग्यांची दैना लिहून प्रसिद्ध केली तेव्हां प्रथम देशाचें लक्ष इकडे वेधलें.

मावशी एका खोलीच्या उंबऱ्याशीं थांबल्या. आंत दोन अरुंद बिछाने आणि एक खिडकी. “ह्या एवढ्याशा खोलींत दोघं? आणि किती वर्षं?” बाईंनीं सांगितलें कीं, येथील शेवटचे दोन रोगी १९४६ सालीं वारले आणि ते येथें पन्नासांहून अधिक वर्षें राहिले होते. मावशी म्हणाल्या, “पन्नास वर्षं! म्हणजे सबंध संसारच झाला कीं हो इथं.” मग त्यांनीं पायांतील चपला काढून उंबऱ्याबाहेर ठेविल्या, आणि आम्हां कोणासहि त्याचें नवल वाटलें नाहीं.

कुष्ठ हा शब्द आपल्या वैद्यकास फार प्राचीन काळापासून परिचित आहे. सुश्रुतानें कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत. त्यांत आजच्या दृष्टीनें त्वचेचे इतर अनेक विकारहि येतात. एका माणसापासून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांतहि त्यानें कुष्ठाची गणना केली आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांतील मोठमोठे पंडित हा रोग वंशपरंपरेनें येतो असें मानीत होते. बर्गेनचे थोर वैद्य डॅनियल डॅनियलसेन हे त्या मताचे अग्रणी. त्यांच्याच जांवयानें, गेऱ्हार्ट आर्माउअर हान्सेन (१८४१–१९१२) ह्यानें, तें मत खोडून काढिलें. १८७३ सालीं ह्याच नगरांत रोग्यांच्या गांठींतून घेतलेल्या द्रव्यांत त्याला सूक्ष्मदर्शकाखालीं काड्यांच्या आकाराचे जंतु दिसले. क्षयाचे जंतु कॉख ह्याला सांपडले ते त्यानंतर नऊ वर्षांनीं. एखाद्या दीर्घकालीन मानवी रोगाचा संबंध जंतूशीं जोडणारा हा पहिला शोध होय. म्हणून त्या रोगास आज हान्सेनचा रोग असेंहि म्हणतात.

योगायोग असा कीं, त्याच १८७३ सालीं मुंबई इलाख्यांतील एक वैद्य नॉर्वेंतील हीं इस्पितळें पाहावयास येऊन गेला. हेन्री व्हॅनडाईक कार्टर हें त्याचें नांव. शरीरशास्त्रावरील ग्रेच्या प्रसिद्ध ग्रंथांतील चित्रें ज्याच्या हातचीं, तोच हा गृहस्थ. पुढें हिंदुस्थानांत येऊन तो साताऱ्यास सिव्हिल सर्जन होता. तेथें व मुंबईस त्यानें कुष्ठरोगाचा अभ्यास केला. नॉर्वेंतील व्यवस्थेचा वृत्तान्त लिहून, तींतून हिंदुस्थानानें काय घ्यावें ह्याचा विचार त्यानें १८७४ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां साताऱ्याहून बर्गेनची वाट आमच्या आधीं दीडशें वर्षें मळलेली होती.

हान्सेनचें चरित्र निष्कलंक मात्र नाहीं, आणि तेथील लोक तें झांकूनहि ठेवीत नाहींत. जंतु दिसले तरी त्यांनींच रोग होतो हें सिद्ध करणें राहिलें होतें. १८७९ सालीं त्यानें इस्पितळांतील कारी नीलस्‌दातर नांवाच्या एका रोगी स्त्रीच्या डोळ्यांत, तिला न विचारतां, दुसऱ्या प्रकारच्या रोग्याचें द्रव्य सुईनें टोंचलें. तिनें तक्रार केली. न्यायालयांत खटला चालला, आणि १८८० सालीं ह्या जगन्मान्य संशोधकास त्या इस्पितळांतील वैद्याच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. कुष्ठरोगाचा सरकारी मुख्य वैद्य ही त्याची दुसरी जागा कायम राहिली. एकीकडे विद्वान्, प्रतिष्ठित, मोठ्या घरचा पुरुष. दुसरीकडे निर्धन, रोगी, इस्पितळांत टाकलेली बाई. आणि न्यायाधीशानें बाईचें म्हणणें उचलून धरलें. आमच्या डॉक्टरीणबाई हें ऐकून बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. नंतर एवढेंच म्हणाल्या, “रोग्याची संमति घ्यायची हें आम्ही पुस्तकांत शिकतों. तो धडा कोणाच्या डोळ्यावर शिकला गेला हें आज कळलें.”

ह्या गोष्टीइतकीच दुसरी एक गोष्ट माझ्या मनांत रुतून बसली. १८५६ सालीं नॉर्वे सरकारनें सबंध देशांतील कुष्ठरोग्यांची नोंदवही सुरू केली. प्रत्येक रोग्याचें नांव, गांव, रोग कधीं जडला, पुढें काय झालें, हें तींत लिहीत गेले. एका रोगाची अशी देशव्यापी नोंद ठेवण्याचें जगांतील हें पहिल्या उदाहरणांपैकीं एक. सुमारें आठ हजार माणसांचीं नांवें तींत आहेत. ही नोंद ठेवण्यांत केवळ दया नव्हती. १८८५ च्या कायद्यानें रोग्यास घरांत वेगळें राहणें अथवा इस्पितळांत जाणें भाग पाडतां येऊं लागलें, आणि ह्याच वह्यांच्या आधारें माणसें घरांतून नेलीं गेलीं. तरीहि नांव राहिलें. २००१ सालीं बर्गेनच्या ह्या कागदपत्रांस युनेस्कोनें जगाच्या स्मृतिसंग्रहांत स्थान दिलें. आज कोणा नॉर्वेकरास आपल्या पणजीची बहीण कोठें गेली हें शोधावयाचें असेल, तर त्याला शोधतां येतें.

येथें घरची एक हकीकत सांगणें मला प्राप्त आहे. आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त चौथ्या दशकांत छापला गेला. त्यांत माझ्या आजोबांस दोन भाऊ असल्याचें लिहिलें आहे. वस्तुतः ते चौघे होते. सर्वांत धाकटे विशीच्या आंतबाहेर असतांना “काशीस गेले आणि परत आले नाहींत”, असें आमच्या लहानपणीं सांगत. माझ्या आत्यानें मरणापूर्वीं मला खरें तें सांगितलें. ते काशीस गेलेच नव्हते; अंगावर चट्टे आले, बोटें बधिर झालीं, आणि एका रात्रीं त्यांना दूरच्या एका कुष्ठाश्रमांत पोंचविण्यांत आलें. कांहीं वर्षें तेथून कार्डें येत. आजोबा तीं नदीवर नेऊन वाचीत आणि तेथेंच पाण्यांत सोडून देत. दोन बहिणींचीं लग्नें व्हावयाचीं होतीं. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाहीं. हा रोग वंशानें येतो ही समजूत गांवांत दृढ होती, आणि तें खरें मानलें असतें तर त्या दोन मुलींस कोणीं पत्करलें असतें? परंतु सेंट यॉर्गनच्या त्या दालनांत उभें असतांना एक गोष्ट राहून राहून टोंचत होती. ज्या समजुतीपायीं आमच्या घरांतून एक नांव पुसलें गेलें, ती समजूत तत्पूर्वीं पन्नास वर्षें ह्याच गांवांत खोटी ठरलेली होती. ती बातमी साताऱ्यापर्यंत पोंचली होती. आमच्या ओसरीपर्यंत मात्र पोंचली नव्हती.

आपल्या समाजांतहि हें नांव न पुसणारीं माणसें होऊन गेलीं. संस्कृतचे पंडित परचुरेशास्त्री ह्यांना हा रोग जडला तेव्हां सेवाग्राम आश्रमांत गांधीजी स्वतःच्या हातांनीं त्यांची शुश्रूषा करीत. दत्तपूर येथें मनोहर दिवाण, अमरावतीस शिवाजीराव पटवर्धन, आणि वरोऱ्यास बाबा आमटे ह्यांनीं ह्या रोग्यांसाठीं आयुष्यें वेंचलीं. शास्त्रहि पुढें गेलें आहे. बहुतेक माणसांच्या अंगीं ह्या जंतूंस तोंड देण्याची नैसर्गिक शक्ति असते. १९८० नंतरच्या दशकांत निघालेल्या संयुक्त औषधांनीं रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो, औषध फुकट मिळतें, आणि वेळींच घेतल्यास व्यंग येत नाहीं. तरी जगांतील नव्या रोग्यांपैकीं निम्म्याहून अधिक आजहि भारतांत आढळतात, आणि पुष्कळजण चट्टा लपवूनच उशीर करतात. १८९८ सालचा कुष्ठरोग्यांस अटकावून ठेवणारा कायदा आपल्याकडे २०१६ सालीं रद्द झाला. हा रोग घटस्फोटाचें कारण मानणारें कलम तर २०१९ पर्यंत आपल्या विवाहकायद्यांत होतें. तेव्हां मावशींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हें, कीं आपल्याकडे ह्याची कमी नाहीं म्हणूनच तें पाहावयाचें.

बाहेर आलों तेव्हां पाऊस तसाच होता. मावशींनीं त्या बाईंचा हात धरून मराठींत कांहीं सांगितलें आणि बाईंनीं नॉर्वेच्या भाषेंत कांहीं उत्तर दिलें. दोघींनाहि तें समजलें असावें. मोटारींत दुकानांहून आलेली मंडळी लोंकरीचे सदरे एकमेकांस दाखवीत होती. आमच्यापैकीं एका मुलानें त्यांना गीदेच्या चिपेची आणि कारीच्या खटल्याची गोष्ट सांगितली, आणि मुक्कामीं पोंचेपर्यंत सदरे पिशव्यांतच राहिले.

आमच्या कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ति तयार होत आहे. संपादकांकडे मीं एक ओळ पाठविली आहे: नांव, जन्मशक, आणि “पुढें कुष्ठाश्रमांत वास्तव्य, मृत्युशक अज्ञात.” कांहीं आप्तांनीं हरकत घेतली आहे, त्यांच्याही घरीं विवाहयोग्य मुली आहेत. मीं त्यांना वरील सारी हकीकत कळविली असून ओळ मागें घेतलेली नाहीं. ज्या वाचकांच्या घरीं असा ग्रंथ असेल त्यांनीं तो एकदां उघडून, कोणी “काशीस गेले” आहे काय, तें पाहावें.

आणि ज्यांना बर्गेनला जाण्याचा योग येईल त्यांनीं छत्री नेऊं नये. डोकें झांकणारा चांगला डगला न्यावा. पायांत न घसरणारे जोडे असावेत, कारण ब्रिगेनच्या फळ्या ओल्या असतात. डोंगरावर धुकें असेल तर खंत करूं नये. मोकळे दोन तास मिळतीलच. दहा मिनिटांच्या वाटेवर तें लांकडी दालन आहे.